ओव्हनमधली गार्लिक बटर कोळंबी: पाणी का सुटतं, लसूण का करपतो

प्रश्न ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका ताईंचा आहे. त्यांनी नवा तीस लिटरचा ओटीजी (ओट्यावर ठेवायचा छोटा विजेचा ओव्हन) घेतला, रविवारी कोळंबी आणली, एका अमेरिकन रेसिपीबरहुकूम वितळलेलं बटर आणि ठेचलेला लसूण लावून ४०० फॅरनहाइटवर बारा मिनिटं भाजली. ट्रे बाहेर काढला तर खाली पाण्याचं तळं, त्यात आखडून गोल झालेली चिवट कोळंबी आणि वर लसणाचे काळे, कडू कण. सासूबाई म्हणाल्या, त्यापेक्षा तव्यावर केली असतीस तर बरं झालं असतं. ताई विचारतात, ओव्हन खराब आहे की कोळंबी शिळी होती?

दोन्ही नाही, ताई. ती रेसिपी तुमच्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेलीच नव्हती. अमेरिकेतल्या घरातला ओव्हन साधारण १४० लिटरचा असतो, आपल्या ओटीजीच्या चौपट-पाचपट. त्यात वाफेला फिरायला जागा असते आणि थंड ट्रे आत सरकवला तरी उष्णता फारशी उतरत नाही. आपल्या ओटीजीत अर्धा किलो गार, ओली कोळंबी ठेवली की आतलं तापमान धाडकन खाली येतं, वाफ तिथेच कोंडते आणि कोळंबी भाजण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात उकडायला लागते. वर बारा मिनिटं. सोललेल्या कोळंबीसाठी बारा मिनिटं म्हणजे शिक्षाच.

कोळंबीच्या मांसात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. उष्णता लागली की त्यातली प्रथिनं आकसतात आणि ओला कपडा पिळावा तसं ते पाणी बाहेर येतं. साठ अंश सेल्सियसच्या पुढे हे पिळणं जोरात सुरू होतं. कालवणात हे लपून जातं. सुटलेलं पाणी रश्शातच मिसळतं, उलट रस्सा गोड होतो. ट्रेमध्ये मात्र ते लपवायला जागा नाही. म्हणून या पदार्थात बटर किती आणि लसूण किती यावर डोकं खपवण्यापेक्षा पाण्यावर लक्ष ठेवा: विकत घेताना, धुताना, भाजताना, बाहेर काढतानाही.

आधी आकार. रेसिपीत ‘लार्ज’ किंवा ‘जम्बो’ लिहिलेलं असतं, ते आपल्या बाजारात चालत नाही. आपल्याकडे किलोला किती नग बसतात ते विचारायचं. डोक्यासकट किलोला तीस नग बसतील अशी कोळंबी या पदार्थाला उत्तम. डोकं आणि साल गेल्यावर निम्म्याच्या थोडं वर मांस उरतं, म्हणजे एकेक नग सतरा-अठरा ग्रॅमचा. खाली मी जे वेळ सांगणार आहे ते याच मापाचे आहेत. किलोला साठ-सत्तर बसणारी छोटी कोळंबी ओव्हनमध्ये घालू नका. बाहेरून रंग यायच्या आत ती आतून चिवट होते. तिची खिचडी करा, भरलं वांगं करा. आणि करंदी, म्हणजे त्याहूनही बारीक कोळंबी, तर भजी-आंबटासाठीच जन्माला आलेली आहे.

कुठून घ्यायची? ठाण्यात चेंदणी आणि महागिरी हे जुने कोळीवाडे आहेत, तिथल्या मावशींशी ओळख असेल तर उत्तमच. मी नेरूळला राहते आणि घरगुती ऑर्डर घेते, त्यामुळे माझी खरेदी बेलापूरजवळच्या दिवाळे गावात होते. वाट्यावर घेताना वरची चार मोठी कोळंबी बघून भुलू नका, खाली हात घालून बघा. डोकं धडाला घट्ट चिकटलेलं हवं, साल चकचकीत हवी, सांध्यांत काळे पट्टे नकोत आणि वास समुद्राचा हवा. नाकात झोंबणारा अमोनियासारखा वास आला की पुढच्या टोपलीकडे जा. डोक्याजवळचे काळे डाग म्हणजे लगेच विषारी असं नाही, कापलेलं सफरचंद जसं काळं पडतं त्याच जातीची ती प्रक्रिया आहे. पण कोळंबी बर्फाबाहेर बराच वेळ राहिली, एवढं त्यावरून कळतं. पिशवीत बर्फ मागून घ्या. मे महिन्यात लोकलने अर्धा तास म्हणजे कोळंबीच्या दृष्टीने मोठा प्रवास.

पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, आणि पुष्कळ कोळी कुटुंबं नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय समुद्रात होडी घालत नाहीत. त्या दिवसांत मोठी कोळंबी दिसते ती बहुतेक तलावात वाढवलेली वन्नामेई जातीची असते किंवा फ्रोझन. वन्नामेईला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. कालवणासाठी मीही समुद्राचीच कोळंबी घेईन, पण या पदार्थात वन्नामेई छान चालते: आकार सारखा, चव सौम्य गोडसर, त्यामुळे सगळे नग एकाच वेळी शिजतात. ओव्हनमध्ये सारखा आकार ही निम्मी लढाई आहे.

फ्रोझन घेतलीत तर पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचा. बर्फाचं आवरण वगळून नक्त वजन किती ते बघा, आणि घटकांत सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट आहे का तेही. हे फॉस्फेट कोळंबीला पाणी धरून ठेवायला लावतं. वजन वाढतं, आणि ट्रेमध्ये ते पाणी सुटतं. अशी कोळंबी वाईट नव्हे, पण तिला मीठ कमी लावा आणि पुसायला दुप्पट वेळ द्या. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चाळणीवर ठेवून बर्फ उतरवा. घाई असेल तर बंद पिशवीसकट गार पाण्यात अर्धा तास. गरम पाण्यात नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नाही.

सोलताना शेपटीचं टोक राहू द्या, धरून खायला बरं. पाठीवर उथळ चीर देऊन काळा दोरा काढा. ती आतडी असते. खाल्ली तर कुणी आजारी पडत नाही, पण दाताखाली रेती येते. चीर उथळच हवी. खोल दिली तर कोळंबी फुलपाखरासारखी उघडते आणि लवकर कोरडी पडते. सोलल्यावर एकदाच भराभर धुवा. आपल्याकडे मासळी तीन-चार पाण्यांत धुवायची, वर पाण्यातच ठेवून द्यायची सवय असते. इथे ती सोडा. मग चाळणीत निथळा आणि सुती पंच्यावर पसरून दुसऱ्या पंच्याने टिपा. कोळंबी हाताला चिकट लागली पाहिजे, ओली नाही.

आता मीठ आणि सोडा. अर्ध्या किलो सोललेल्या कोळंबीला अर्धा छोटा चमचा मीठ आणि पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा चोळून वीस मिनिटं फ्रीजमध्ये, झाकण न लावता. सोडा ऐकून माझ्या स्वयंपाकाच्या वर्गात सगळ्या जणी दचकतात. पण चायनीज स्वयंपाकातली ती जुनी युक्ती आहे. सोड्याने मांस किंचित अल्कधर्मी होतं, प्रथिनं एकमेकांना तेवढी घट्ट धरत नाहीत, पाणी आत राहतं आणि चावताना तो कुरकुरीत टणकपणा येतो जो हॉटेलात लागतो. पाव चमच्याच्या वर जाऊ नका, साबणासारखी चव येते. वीस मिनिटांनी परत एकदा टिपा. हळद लावू नका. हळद-मीठ लावून ठेवणं आपल्या हाताला इतकं सवयीचं आहे की विचार न करता लागतं, पण इथे बटरचा रंग आणि वास दोन्ही ती खाऊन टाकते. लिंबूही आत्ता नाही. आम्लाने मांस न शिजवताच पांढरं पडतं, वरून पिठूळ होतं आणि मग भाजणं कळतच नाही.

लसूण का करपला ते बघू. ठेचलेल्या लसणाचे कण बारीक आणि ओले. पाणी उडालं की त्यातली साखर आधी तांबूस होते आणि पुढच्या मिनिटात काळी. कोळंबीला सात मिनिटं लागतात, लसणाला तीन. दोघांना एकत्र आत घातलं की कुणीतरी एक बिघडणारच. म्हणून लसूण गॅसवर आधीच शिजवून घ्यायचा आणि ओव्हनमध्ये शेवटच्या दोन मिनिटांसाठीच पाठवायचा. बहुतेक रेसिपी हे सांगत नाहीत, आणि या पदार्थात माझ्या मते यापेक्षा मोठी युक्ती नाही.

अर्ध्या किलोला ऐंशी ग्रॅम बटर, म्हणजे शंभर ग्रॅमच्या वडीतला चौथ्या भागाहून थोडा कमी तुकडा बाजूला ठेवायचा आणि बाकीचं घ्यायचं. ठेवलेला तुकडा फ्रीजमध्येच असू द्या, शेवटी लागणार आहे. आपलं नेहमीचं पिवळं बटर खारं असतं हे विसरू नका. परदेशी रेसिपीत बहुतेक वेळा बिनमिठाचं धरलेलं असतं, म्हणून त्यातलं मीठ जसंच्या तसं घातलं की पदार्थ खारट होतो. देशी बारीक पाकळ्यांचा लसूण असेल तर बारा-पंधरा पाकळ्या, मोठ्या पाकळ्यांचा असेल तर सात-आठ. सुरीने बारीक चिरा. तयार आलं-लसूण पेस्ट चालणार नाही. त्यातलं आलं आणि आंबटपणा दोन्ही इथे परके आहेत. चिरल्यावर लसूण पाच-दहा मिनिटं तसाच पडू द्या. लसणाचा तो झणका चिरल्यावरच तयार होतो, त्याला थोडा वेळ लागतो.

ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी एक जास्तीची पायरी, आणि माझ्या घरी ती चुकत नाही. कोळंबीची डोकी आणि सालं टाकू नका. छोट्या कढईत बटर वितळवा, त्यात मूठ-दोन मूठ सालं आणि डोकी घाला, मंद आचेवर दहा मिनिटं परता, डोकी चमच्याने दाबत राहा. बटर केशरी व्हायला लागतं. सालीतलं रंगद्रव्य कच्चेपणी एका प्रथिनाला बांधलेलं असतं, म्हणून कच्ची कोळंबी राखाडी-निळसर दिसते. उष्णतेने ते सुटतं आणि स्निग्धात विरघळतं. रंगाबरोबर चवही उतरते. गाळून घ्या. मग काश्मिरी मिरची घालून नकली रंग आणावा लागत नाही. उरलेल्या सालांवर पाणी घालून उकळलंत तर दुसऱ्या दिवशीच्या कालवणाचा रस्सा तयार.

या बटरमध्ये (किंवा साध्या वितळलेल्या बटरमध्ये) चिरलेला लसूण घालून अगदी मंद आचेवर तीन-चार मिनिटं. कच्चा वास गेला, कडा जेमतेम पिवळ्या झाल्या की बंद. कढई गरम असते, लसूण पुढेही शिजत राहतो. आता गाळण्यातून बटर एका वाटीत, लसूण दुसऱ्या वाटीत. चिली फ्लेक्सचा अर्धा चमचा आणि ताजी मिरपूड लसणाच्या वाटीत.

ओव्हनकडे वळू. ओटीजी दीड-दोन हजार वॉट खातो, म्हणून तो सोळा अँपिअरच्या सॉकेटवरच लावा. ठाण्यातल्या जुन्या इमारतींत स्वयंपाकघरात असं सॉकेट एखादंच असतं आणि ते फ्रीजने किंवा गीझरने अडवलेलं असतं. म्हणून कुणी एक्स्टेंशन बोर्डवर ओव्हन चालवतात. वायर तापते, ओव्हन नीट तापत नाही. दोन्ही रॉड चालू ठेवून २२० अंश सेल्सियसवर पंधरा मिनिटं तापवा, आणि तापवताना ओव्हनबरोबर आलेला काळा ट्रे आतच असू द्या. हे महत्त्वाचं. कोळंबी तापलेल्या ट्रेवर पडली की चर्र आवाज येतो, सुटणारं पाणी जागच्या जागी उडतं. थंड ट्रेवर ठेवली की ते साचतं. काचेचं भांडं तापवून त्यावर गार कोळंबी टाकू नका, तडकेल. ओटीजीच्या डायलवर फार विश्वास ठेवू नका. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो लावून बघा. डायल २२० दाखवतो आणि आत १९० असतात, असं पुष्कळ घरांत दिसतं.

कोळंबीला गाळलेल्या बटरचे दोनच मोठे चमचे चोळा. ट्रे बाहेर काढा, ओव्हनचं दार लगेच लावा, कोळंबी एका थरात पसरा, दोन नगांमध्ये बोटभर जागा. अर्धा किलो तीस लिटरच्या ट्रेवर मावत नसेल तर दोन खेपा करा. गर्दी केली की पुन्हा तेच पाणी. वरून दुसऱ्या खणात पाच मिनिटं. बाहेर काढा, उरलेलं बटर आणि लसूण वरून घाला, परत दीड-दोन मिनिटं फक्त वरचा रॉड चालू ठेवून. एवढंच.

झाली हे ओळखायचं कसं? कोळंबीचा आकार इंग्रजी ‘सी’सारखा वळला पाहिजे. पूर्ण गोल होऊन शेपूट डोक्याकडच्या टोकाला टेकली की उशीर झाला. जाड टोकाला, जिथे चीर दिली होती, तिथे आत डोकावा. राखाडी पारदर्शक रेघ गेलेली हवी, मांस मोत्यासारखं अपारदर्शक हवं. थर्मामीटर असेल तर ६३ अंश सेल्सियस हा सुरक्षिततेसाठी सांगितला जाणारा आकडा आहे; मी साठला काढते, कारण पुढची दोन-तीन अंशं ती बाहेर आल्यावर स्वतःच चढते. म्हणूनच ट्रेमध्ये तशीच ठेवून पाहुण्यांना हाका मारत बसू नका. लगेच वाडग्यात काढा.

ट्रेमध्ये जो थोडा रस आणि बटर उरतं त्यात फ्रीजमधला तो गार बटरचा तुकडा टाका आणि ट्रे हलवत राहा. गार बटर हळूहळू वितळताना पाणी आणि स्निग्ध एकजीव होतात, सॉस किंचित दाट होतो. रेस्टॉरंटमध्ये बटर गार्लिकला जो दाटपणा असतो तो बरेचदा कॉर्नफ्लोरचा असतो; घरी त्याची गरज नाही. आता अर्ध्या लिंबाचा रस. लिंबू पडल्यावर लसणाचे कण कधीकधी हिरवट-निळे दिसतात. घाबरू नका, लसणातली गंधकयुक्त द्रव्यं आणि आम्ल यांची ती गंमत आहे, खायला काही अपाय नाही. मूळ पदार्थात पार्सली असते. वाशी-ठाण्याच्या मोठ्या दुकानांत मिळते, पण त्यासाठी वणवण करू नका. कोथिंबीर घातली तर पदार्थाचा सूर बदलतो हे खरं, पण वाईट नक्की होत नाही. फक्त पानं कमी, कोवळ्या काड्या जास्त, अगदी बारीक चिरून. चीज मात्र नको. घातलंत तरी माझं नाव सांगू नका.

ओटीजीऐवजी कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर तापमान बरेचदा २०० च्या पुढे जात नाही. तिथे सहा मिनिटं आणि मग लसूण घालून दोन मिनिटं, आणि पंखा चालू असल्याने लसणावर डोळा ठेवा. एअर फ्रायरमध्ये २०० वर पाच मिनिटांत होते, पण जाळीतून बटर खाली गळतं. छोटा केकचा टिन आत ठेवा.

बरोबर काय? इंग्रजी रेसिपी पास्ता किंवा लांब फ्रेंच ब्रेड सांगतात. माझं मत लादी पाव. ओव्हन तापलेलाच असतो. पाव आडवा कापून, कापलेली बाजू वर करून दोन मिनिटं आत ठेवा आणि त्या सॉसमध्ये बुडवा. सासूबाईंना पाव चालत नसेल तर गरम वाफाळता आंबेमोहोर भात आणि त्यावर हाच सॉस. लिंबू थोडं जास्त. त्यांचा तव्याचा आग्रह, खरं सांगायचं तर, चार माणसांपुरता बरोबरच आहे. जाड तव्यावर दोन मिनिटं एका बाजूला, एक मिनिट दुसऱ्या, तितकीच छान होते. ओव्हनचा फायदा आठ-दहा माणसं जेवायला असतात तेव्हा: तुम्ही गॅससमोर उभं न राहता एकेक ट्रे आत सरकवता, बाहेर काढता.

पाहुणे असतील तर आधी विचारून घ्या, कुणाला कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी आहे का. ती उष्णतेने जात नाही, कितीही भाजा. आणि त्याच ट्रेवर भाजलेलं पनीरही अशा माणसाला देऊ नका.

उरली तर? सहसा उरत नाही, पण उरली तर परत ओव्हनमध्ये घालू नका, पुन्हा पिळवटून निघेल. फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी बारीक चिरून गरम भातात किंवा ऑम्लेटमध्ये गॅस बंद केल्यावर मिसळा. बटर वितळण्याइतकीच ऊब तिला पुरते.